बोललेलं मागे घेताना: कथाप्रधान गेममधला प्रसंग पुन्हा कसा खेळावा

लढाईत हरलो तर कोणी फारसं मनाला लावून घेत नाही. पुन्हा उठायचं, पुन्हा भिडायचं. पण कथेवर चालणाऱ्या गेममध्ये एखाद्या पात्राला आपण तोडून बोललो आणि ते मान खाली घालून निघून गेलं, की गेम बंद केला तरी ते डोक्यातून जात नाही. मग हात आपसूक ‘लोड गेम’कडे जातो आणि गडबड तिथेच सुरू होते. घाईत कुठली तरी जुनी सेव्ह उघडली जाते, थोडं खेळताच ऑटोसेव्ह (गेमने आपणहून केलेली सेव्ह) आधीच्या प्रगतीवर बसते, अख्खी संध्याकाळ वाया जाते. एवढं करून शेवटी कळतं, की ज्या वाक्यामुळे सगळं बिनसलं असं वाटत होतं, त्या वाक्याचा त्या परिणामाशी काही संबंधच नव्हता.

मागे जाऊन प्रसंग पुन्हा खेळणं म्हणजे लबाडी, असं मानणाऱ्यांपैकी मी नाही. गेम तुमचा, वेळ तुमचा. पण मागे जायचंच असेल तर नेमकं कुठपर्यंत जायचं, हे आधी शोधावं लागतं. चांगल्या लिहिलेल्या गेममध्ये परिणाम जिथे दिसतो आणि निर्णय जिथे झालेला असतो, त्या दोन जागा क्वचितच एक असतात. खालची सगळी पद्धत या एका गोष्टीभोवती फिरते.

उदाहरणांसाठी ‘द विचर ३’, ‘डेट्रॉइट: बिकम ह्यूमन’, पहिला ‘लाइफ इज स्ट्रेंज’, ‘बाल्डर्स गेट ३’ आणि ‘अंडरटेल’ या गेममधले महत्त्वाचे प्रसंग उघड केले आहेत. यातलं काही खेळायचं बाकी असेल तर तेवढा भाग गाळून पुढे जा.

आधी आहे ते जपून ठेवा

नको ते बोलून बसलात, हे लक्षात आल्यावर पहिल्या मिनिटात काय करता, याला सगळ्यात जास्त महत्त्व आहे. गेम पॉज करा. पडद्याच्या कोपऱ्यात ऑटोसेव्हचं चिन्ह फिरत असेल तर ते थांबेपर्यंत गेम बंद करू नका. ‘सेव्ह व्हायच्या आत बाहेर पडलो तर वाचलो’ ही युक्ती बरेच जण सांगतात आणि काही गेममध्ये ती चालतेही. पण फाइल लिहिली जात असतानाच गेम बंद पडला तर सेव्ह खराब होऊ शकते. एक वाक्य सुधारण्यासाठी अख्खी कथा पणाला लावू नका. आपल्याकडे तसाही वीज जाण्याचा धोका असतोच, त्यात आपण भर कशाला घालायची?

हाताने सेव्ह करायची सोय असेल तर संवाद संपल्या संपल्या नव्या जागेत एक सेव्ह करा. हो, नको असलेल्या परिणामाचीच. ती दोन कारणांनी लागते. एक तर मागे जाऊन वेगळं बोलल्यावर आणखी वाईट घडू शकतं, तेव्हा परतायला जागा हवी. दुसरं म्हणजे चार दिवसांनी मन शांत झाल्यावर तोच परिणाम बरा वाटू लागतो, आणि असं फार वेळा होतं.

जुन्या सेव्हवर नवी सेव्ह कधीच चढवू नका. सेव्हला नाव देता येत असेल तर ‘टेस्ट’ किंवा ‘नवीन १’ असलं नाव देऊ नका. ‘कागाशी बोलण्याआधी’, ‘सिरीला भेटल्यावर’ असं प्रसंगाचं नाव द्या. नाव देता येत नसेल तर तारीख, वेळ आणि प्रसंग फोनमध्ये टिपून ठेवा. घरात एकच कन्सोल असेल आणि भावंडं तोच गेम खेळत असतील, तर प्रत्येकाने स्वतःचं यूजर प्रोफाइल करून घ्यावं. एकाच प्रोफाइलवर दोघांचा खेळ चालू असला, की कोणाची तरी सेव्ह उडतेच.

नेमका कशाचा पस्तावा आहे?

‘चुकीचं बोललो’ या वाक्यात निरनिराळ्या गोष्टी दडलेल्या असतात आणि प्रत्येकीवरचा इलाज वेगळा असतो.

सगळ्यात सरळ प्रकार म्हणजे पर्यायावर लिहिलेलं एक आणि पात्र बोललं भलतंच. ‘एल. ए. न्वार’ (२०११) मध्ये साक्षीदाराच्या जबाबावर ‘ट्रुथ’, ‘डाउट’ आणि ‘लाय’ असे तीन पर्याय असायचे. ‘डाउट’ म्हणजे थोडी शंका दाखवायची, असं समजून बटण दाबावं, तर आपला गुप्तहेर कोल फेल्प्स समोरच्यावर एकदम ओरडायला लागायचा. २०१७ मध्ये गेम नव्याने आला तेव्हा ते शब्द बदलून ‘गुड कॉप’, ‘बॅड कॉप’ आणि ‘अक्यूज’ असे केले गेले. ‘फॉलआउट ४’ (२०१५) मध्ये तर पर्याय दोन-तीन शब्दांचेच होते, त्यामुळे खेळाडूंनी पूर्ण वाक्य दाखवणारा मॉड (गेममध्ये बदल करणारी जोड) बनवला आणि तो भरपूर वापरला गेला. अशा वेळी बेलाशक मागे जा. तुम्ही जे ठरवलं होतं ते गेमने केलंच नाही. इथे पस्तावायचं काही नाही, फक्त दुरुस्ती करायची.

दुसऱ्या प्रकारात बटण चुकून दाबलं जातं, किंवा वेळेची पट्टी संपते आणि पात्र गप्प राहतं. टेलटेल या स्टुडिओच्या गेममध्ये गप्प राहणं हेही उत्तरच धरलं जातं. इथेही मागे जायला हरकत नाही.

तिसरा प्रकार नाजूक आहे. तुम्ही विचार करून, मनापासून बोललात, पण समोरच्याला ते लागलं किंवा पुढे त्यातून वाईट घडलं. इथे लगेच मागे जाऊ नये, असं माझं मत आहे. निदान तो भाग किंवा ते क्वेस्ट (गेमने दिलेली मोहीम) पूर्ण होऊ द्या. लेखकांनी त्या दुखावण्यातून पुढचे प्रसंग बांधलेले असतात. रागावलेलं पात्र नंतर परत येतं, माफ करतं किंवा करत नाही, आणि कथेतले सगळ्यात चांगले संवाद पुष्कळदा तिथेच असतात. पहिल्याच खटक्याला मागे फिरलात तर ते तुम्हाला कधी दिसणारच नाहीत.

चौथा प्रकार फाशांचा, म्हणजे बोलणं जमलं की नाही हे गेममधला फासा ठरवतो तेव्हाचा. बोललात बरोबर, पण फासा उलटा पडला. त्याबद्दल पुढे सांगतो.

फाटा कुठे फुटला होता, ते शोधा

या टप्प्यावर वेळ घालवा. इथे घातलेला वेळ पुढे कितीतरी पटीने वाचतो.

‘द विचर ३’ (२०१५) मधल्या सिरीचंच, म्हणजे नायक जेराल्टच्या मानसकन्येचंच बघा. शेवटी ती मनोऱ्यात शिरते आणि परत येत नाही, हे पाहिल्यावर बहुतेक जण त्या मनोऱ्याआधीची सेव्ह उघडतात आणि तिथला संवाद वेगवेगळ्या तऱ्हेने खेळून पाहतात. काही बदलत नाही, कारण तिथे ठरण्यासारखं काही उरलेलंच नसतं. सिरीचं काय होणार ते त्याआधीच्या अनेक तासांत विखुरलेल्या मोजक्या प्रसंगांत ठरलेलं असतं. केअर मोरहेनच्या लढाईनंतर ती खचून बसलेली असते, तेव्हा ‘सगळंच जमायला हवं असं नाही’ असं समजावायचं, की तिला बाहेर नेऊन बर्फाचे गोळे मारत खेळायचं? ‘लॉज’ या गटातल्या जादूगारणींना भेटायला तिला एकटीला जाऊ द्यायचं, की सोबत जायचं? तिचा गुरू अव्हालाख याच्या प्रयोगशाळेत ती संतापते तेव्हा तिला आवरायचं, की हवं ते फोडू द्यायचं? स्क्याल नावाच्या पोराच्या थडग्याशी जायला वेळ काढायचा की नाही? आणि सम्राट एम्हिरकडे तिला घेऊन गेलात तर बक्षिसाचे पैसे घ्यायचे का?

यातला एकही प्रसंग खेळताना ‘इथे शेवट ठरतोय’ असं ओरडून सांगत नाही. पहिल्या प्रसंगातलं समजावणीचं वाक्य तर ऐकायला मायेचंच वाटतं. गेमच्या हिशेबात मात्र ते वजा धरलं जातं, कारण तिला त्या घडीला उपदेश नको असतो. सगळ्या प्रसंगांचं सूत्र एकच आहे: जेराल्ट तिच्यावर विश्वास टाकतो का, आणि तिच्यासोबत थांबतो का. ते कळलं, की कुठल्या सेव्हकडे जायचं हे आपोआप कळतं. एखादा प्रसंग चुकला तरी चालतं, बेरीज तिच्या बाजूने असावी लागते. म्हणजे सगळं पहिल्यापासून खेळायची गरज नाही. शेवटच्या दोन-तीन प्रसंगांआधीची सेव्ह सापडली तरी बहुधा काम होतं.

याच स्टुडिओच्या पहिल्या ‘द विचर’ (२००७) मध्ये परिणाम मुद्दाम लांबवलेले होते. पहिल्या अध्यायात नदीकाठी हॅरन ब्रॉगच्या पेट्यांची राखण करायची असते. तिथे बंडखोर एल्फ माल मागायला येतात. तो द्यायचा की नाही, याचा हिशेब पुढच्या अध्यायात होतो, जेव्हा तुम्हाला हवा असलेला माणूस त्याच मालातल्या बाणांनी मारला गेलेला सापडतो. तोवर इतकं खेळून झालेलं असतं, की सेव्ह उघडून मागे जाण्याचा विचारच कोणी करत नाही. हेतूही तोच होता.

‘डेट्रॉइट: बिकम ह्यूमन’ (२०१८) मध्ये वेगळ्या तऱ्हेची दूरी आहे, तासांची नव्हे तर खोल्यांची. पहिल्याच अध्यायात, १५ ऑगस्ट २०३८ च्या रात्री, पोलिसांसाठी काम करणाऱ्या कॉनरला एका अँड्रॉइडशी (माणसासारख्या यंत्रमानवाशी) बोलणी करायची असतात. तो एम्मा नावाच्या मुलीला धरून गच्चीच्या काठावर उभा असतो. बोलणी फसली, की खेळाडू गच्चीवरचे संवाद बदलून पाहतो: आधी गोड बोलणं, मग धमकी, मग खरं, मग खोटं. पण यश मिळण्याची जी टक्केवारी पडद्यावर दिसते, ती घराच्या आतच बरीचशी ठरलेली असते. एम्माच्या खोलीतला टॅबलेट पाहिला असेल तर त्याचं नाव डॅनियल आहे हे कळतं आणि गच्चीवर पाऊल टाकताच त्याला नावाने हाक मारता येते. वडिलांचा टॅबलेट पाहिला असेल तर घरच्यांनी त्याच्या जागी नवा अँड्रॉइड मागवला होता हे कळतं, म्हणजे तो का बिथरला ते कळतं. त्याशिवाय सहानुभूतीचं वाक्य बोलायला तुमच्याकडे आधारच नसतो. म्हणून इथे मागे जायचं ते गच्चीवर नाही, घरात. खोल्या नीट फिरा. गच्चीवर गेल्यावर जखमी पोलिसाकडे लक्ष द्या, घोंघावणारं हेलिकॉप्टर दूर पाठवा आणि मग बोला. तेच शब्द आता वेगळं काम करतात.

‘लाइफ इज स्ट्रेंज’ (२०१५) मधला दुसरा भागही असाच आहे. नायिका मॅक्सला काळ मागे फिरवता येतो, त्यामुळे तोवर प्रत्येक संवाद दोन-तीनदा बोलून पाहायची सवय लागलेली असते. तिची वर्गमैत्रीण केट वसतिगृहाच्या छतावर कठड्याशी उभी असते, तेव्हा नेमकी ती शक्ती चालत नाही. जे बोलाल ते एकदाच. केटला परत खाली आणणं ज्यांना जमलं नाही, त्यांना तो प्रसंग बराच काळ सतावतो, आणि तिथे परत जावंसं वाटणं अगदी साहजिक आहे. मात्र परत जाताना सरळ छतावर जाऊ नका. केटच्या खोलीत तिचे फोटो, पत्रं, बायबल पाहिलं होतं का? डायनरमध्ये मैत्रीण क्लोई वैतागलेली असताना केटचा फोन उचलला होता का? शाळेत तिला त्रास होत होता तेव्हा मध्ये पडलात का? छतावर ती जे विचारते त्यांची उत्तरं तिच्या खोलीतच असतात, आणि तुमच्या शब्दांवर ती विश्वास ठेवेल का, हे तुम्ही आधी कसे वागलात यावर ठरतं. भाग सुरुवातीपासून खेळा आणि सावकाश खेळा.

हा शोध घेताना इंटरनेटवरचं मार्गदर्शन घ्यायला संकोच करू नका, फक्त किती वाचायचं ते आधी ठरवा. शेवट काय होतो ते वाचू नका. ‘कुठल्या प्रसंगावर हे अवलंबून आहे’ एवढंच शोधा आणि तिथे थांबा.

मागे जाण्याची वाट गेमप्रमाणे बदलते

हाताने सेव्ह करता येणारे गेम सगळ्यात सोपे. ‘बाल्डर्स गेट ३’ (२०२३) कॉम्प्युटरवर खेळत असाल तर एफ ५ ने क्विकसेव्ह आणि एफ ८ ने लोड होतं. ‘विचर ३’ किंवा ‘डिस्को एलिझियम’मध्ये संवाद चालू असताना सेव्ह करता येत नाही, म्हणून कोणाशी महत्त्वाचं बोलायला जाण्याआधी, दारातच सेव्ह करायची सवय लावा. नवं क्वेस्ट सुरू होताना एक, मोठ्या भेटीआधी एक, आणि नवीन प्रदेशात जाताना एक अशा सेव्ह राखून ठेवल्या तर सिरीसारख्या लांबच्या परिणामांवरही इलाज असतो. फक्त क्विकसेव्हवर विसंबून राहिलात, की जुन्या सेव्ह आपोआप पुसल्या जातात आणि हाती फक्त मागच्या तासाभराचं उरतं.

अध्यायांची निवड देणाऱ्या गेममध्ये एक सापळा आहे. टेलटेलच्या ‘द वॉकिंग डेड’मध्ये (२०१२) मागच्या प्रसंगावर ‘रिवाइंड’ केलं, की त्यापुढची प्रगती जाते. ‘डेट्रॉइट’मध्ये फ्लोचार्टवरून (प्रसंगांच्या नकाशावरून) चेकपॉइंट, म्हणजे परत सुरू करायची जागा, निवडल्यावर पुढे केलेलं जतन करायचं की नाही, हे गेम विचारतो. नुसतं पाहायचं असेल तर जतन न करता खेळा. कथा खरोखर बदलायची असेल तर जतन करा, पण मग त्यापुढचे अध्यायही पुन्हा, क्रमाने खेळावे लागतात हे लक्षात ठेवा. मधलेच अध्याय सोडून शेवटच्या अध्यायात उडी मारली तर नवा बदल तिथवर नीट पोचत नाही, आणि मग ‘गेममध्ये बग आहे’ अशी तक्रार होते. ‘लाइफ इज स्ट्रेंज’मध्ये यासाठी ‘कलेक्टिबल मोड’ आहे. त्यात जुना प्रसंग खेळून सुटलेले फोटो काढता येतात आणि तुमचे निर्णय आहेत तसेच राहतात. केटचं काही बदलायचं असेल तर अर्थात तो मोड चालणार नाही.

अशा वेळी पडद्यावर येणाऱ्या चौकटीतला इशारा शांतपणे वाचा. ‘ओव्हरराइट’, ‘इरेज’, ‘लॉस्ट’ यातला एक जरी शब्द दिसला तरी होकार देण्याआधी थांबा. बहुतेक सेव्ह या एका बटणाने जातात.

‘अंटिल डॉन’ (२०१५) मध्ये कथा एकदा पूर्ण झाल्यावरच जुने भाग उघडतात. त्याच स्टुडिओच्या ‘द क्वारी’ (२०२२) मध्ये पात्राचा मृत्यू तीन वेळा मागे घेता येतो, पण साध्या आवृत्तीत ती सोय पहिला खेळ संपल्यावर मिळते. असे गेम पहिल्यांदा खेळताना मागे जाण्याची खटपट सोडून द्या. ते तसेच खेळायला बनवलेले आहेत आणि तसेच जास्त रंगतात.

व्हिज्युअल नॉव्हेल (चित्रं आणि मजकुरावर चालणारे गेम) खेळणाऱ्यांना सगळ्यात कमी त्रास. रेनपाय या इंजिनवर बनलेल्या बहुसंख्य गेममध्ये माउसचं चाक वर फिरवलं, की वाक्यामागून वाक्य मागे जाता येतं, आणि कंट्रोलचं बटण दाबून धरलं, की वाचलेला मजकूर झरझर पुढे सरकतो. काही लेखक कथेच्या गरजेसाठी ही सोय बंद ठेवतात. तेव्हा पर्याय समोर आला की आधी सेव्ह करा, मग निवडा.

फक्त ऑटोसेव्ह असेल तर

कॉम्प्युटरवर खेळत असाल तर सेव्हचं फोल्डर शोधून त्याची नक्कल दुसरीकडे ठेवता येते. ‘विचर ३’च्या सेव्ह डॉक्युमेंट्समधल्या त्या गेमच्या नावाच्या फोल्डरात ‘गेमसेव्ह्ज’मध्ये असतात. बाकी गेमचं फोल्डर कुठे आहे ते पीसी गेमिंग विकीवर प्रत्येक गेमच्या पानावर दिलेलं असतं. क्रम असा ठेवा: गेम पूर्ण बंद करा, अख्खं फोल्डर कॉपी करा, नक्कलेच्या नावात तारीख घाला, मगच गेम पुन्हा उघडा. गेम चालू असताना केलेली नक्कल अर्धवट निघू शकते.

इथे क्लाउड, म्हणजे इंटरनेटवर आपोआप ठेवली जाणारी सेव्हची प्रत, आडवं येतं. तुम्ही जुनी फाइल परत ठेवता, आणि स्टीम (जिथून गेम घेता आणि चालवता ते सॉफ्टवेअर) ‘क्लाउडवर यापेक्षा नवी सेव्ह आहे’ म्हणून तीच पुन्हा उतरवून घेतं. म्हणून जुनी सेव्ह परत ठेवण्याआधी स्टीममध्ये त्या गेमच्या प्रॉपर्टीजमध्ये जाऊन क्लाउडची खूण काढा. गेम एकदा उघडून जुनी सेव्ह चालते आहे याची खात्री करा आणि नंतर हवं तर क्लाउड परत सुरू करा. तेव्हा ‘लोकल’ की ‘क्लाउड’ असं विचारलं गेलं तर या वेळी ‘लोकल’.

कन्सोलवर मोकळीक कमी आहे. पीएस फोरवर (प्लेस्टेशन ४) सेव्ह यूएसबी ड्राइव्हवर काढता येते. पीएस फाइव्हवर मात्र पीएस फाइव्हच्या गेमची सेव्ह यूएसबीवर निघत नाही, त्यासाठी पीएस प्लसचं क्लाउड लागतं. ते असेल तर मोठ्या प्रसंगाआधी आपोआप अपलोड बंद करून हाताने अपलोड करा, म्हणजे क्लाउडवरची प्रत तुमच्या परवानगीशिवाय बदलणार नाही. एक्सबॉक्सवर सेव्ह आपोआप क्लाउडवर जाते, त्यामुळे ती हरवत नाही, पण जुनी प्रत बाजूला काढून ठेवण्याची सोयही नाही. तिथे गेमच्या आतल्या सेव्हवरच भिस्त ठेवावी लागते.

पुन्हा खेळताना एकच गोष्ट बदला

मागच्या सेव्हवर आलात, आता वेगळं बोलायचं. या वेळी उत्साहाच्या भरात तीन-चार गोष्टी एकदम बदलल्या जातात: पात्राशी गोड बोलतो, वाटेतलं एक भांडणही सोडवतो, सोबत वेगळा साथीदार नेतो. मग परिणाम बदलला तरी कशामुळे बदलला ते कळत नाही, आणि नवाच काही घोटाळा झाला तर त्याचंही मूळ सापडत नाही. म्हणून बाकी सगळं पहिल्यासारखं ठेवा आणि फक्त ज्याचा पस्तावा होता तो निर्णय बदला.

संवाद झाला की लगेच समाधान मानून सेव्ह करू नका. पात्राशी पुन्हा एकदा जाऊन बोला. डायरी किंवा क्वेस्टची नोंद उघडून वाचा. पुष्कळ गेममध्ये पात्राचा चेहरा शांत दिसतो, पण नोंदीत काय घडलं ते स्पष्ट लिहिलेलं असतं. ते मनासारखं असेल तर नव्या जागेत सेव्ह करा आणि पुढे चला. आता तुमच्याकडे दोन वाटा आहेत, आणि दोन्ही सुरक्षित आहेत.

फासा उलटा पडला तर

‘बाल्डर्स गेट ३’च्या सुरुवातीला एमराल्ड ग्रोव्ह या वस्तीत अराबेला नावाच्या लहान मुलीला तिथल्या कागा या बाईने धरून ठेवलेलं असतं आणि समोर साप फणा काढून असतो. मूर्ती चोरली म्हणून. कागाला समजावताना फासा उलटा पडला, तर साप मुलीला डसतो. इथे खेळाडूचं काहीच चुकलेलं नसतं, आणि एका लहान मुलीचा जीव फाशावर गेला हे सहन होत नाही, म्हणून इथे लोड करणाऱ्या कोणालाही मी दोष देणार नाही. पण आधी इन्स्पिरेशन (गेममध्ये मिळणारे गुण) वापरून बघा. ते याच कामासाठी दिलेलं आहे आणि त्याने फासा पुन्हा टाकता येतो. जिच्या बोलण्यात वजन आहे अशा साथीदारीणीला पुढे करून तिच्याकडून संवाद सुरू केला तरीही फरक पडतो.

मात्र प्रत्येक फाशावर लोड करायची सवय लागली, की गेम सपक होतो. ‘डिस्को एलिझियम’ (२०१९) मध्ये अपयशाचे संवाद यशाच्या संवादांइतकेच, कधी जास्तच, मन लावून लिहिलेले आहेत. तिथे कौशल्याच्या फाशांच्या चाचण्या दोन रंगांच्या असतात: पांढऱ्या चाचण्या त्या कौशल्यात भर घातल्यावर पुन्हा देता येतात आणि लाल चाचण्या एकदाच. म्हणजे कुठे परत यायचं आणि कुठे परिणाम घेऊन पुढे जायचं, हे गेमनेच रंगाने सांगून ठेवलं आहे. मी तो रंग पाळतो, आणि तुम्हीही निदान पहिल्या खेळात पाळावा असं मनापासून सुचवतो.

मागे गेलेलं लक्षात ठेवणारे गेम

काही गेममध्ये ही सगळी पद्धत चालत नाही. ‘बाल्डर्स गेट ३’चा ऑनर मोड (खेळायचा एक कडक प्रकार) एकाच सेव्हवर चालतो. तो निवडतानाच मागे न जाण्याचं कबूल केलेलं असतं.

‘अंडरटेल’ (२०१५) मात्र वेगळ्याच जातीचा आहे. सुरुवातीला आपल्याला जपणाऱ्या टोरिएलशी लढताना ती मेली, तुम्हाला वाईट वाटलं, तुम्ही जुनी सेव्ह उघडून तिला जिवंत ठेवलं आणि पुढे निघालात, तर बाहेर फ्लाउई हे बोलणारं फूल भेटतं आणि तुम्ही तिला मारलं होतं, मग पस्तावून मागे आलात, हे तोंडावर सांगतं. सेव्ह पुसली गेली तरी गेमने नोंद ठेवलेली असते. सगळ्यांना मारत जाणारा मार्ग शेवटपर्यंत नेला, तर नंतर सगळं रीसेट करून चांगला शेवट खेळला तरी त्यावर आधीच्या खेळाची सावली पडते. ती फाइल हाताने पुसता येते, पण मी पुसू नका असं म्हणेन. खेळाडूच्या पस्ताव्यावर इतक्या गंभीरपणे विचार केलेला दुसरा गेम मला माहीत नाही, आणि फ्लाउईचं ते बोलणं ऐकण्यासाठी तरी टोरिएलचा प्रसंग एकदा असा घडावा.

फाटा फारच मागे राहिला असेल तर

‘मास इफेक्ट’ची मालिका खेळणाऱ्यांना हा प्रश्न हमखास पडतो. तिसऱ्या भागात क्वेरियन ही जमात आणि गेथ ही यंत्रं यांच्यात समेट घडवायचा असतो. त्या दोन बाजूंच्या टाली आणि लीजन दोघांशी जीव लागलेला असतो, आणि तेव्हा कळतं की समेटाचा पर्याय मिळण्यासाठी लागणाऱ्या बऱ्याच गोष्टी दुसऱ्या भागात करायच्या राहिल्या. मागे जायचं म्हणजे आख्खा आधीचा गेम. एवढा वेळ प्रत्येकाकडे नसतो.

अशा वेळी आधी गेमने स्वतःहून काही दिलं आहे का ते बघा. ‘विचर ३’मध्ये नवा खेळ सुरू करताना दुसऱ्या भागातले निर्णय गृहीत धरायचा पर्याय असतो. तो निवडला तर विझिमा शहराच्या राजवाड्यात व्होरहिस नावाचा अधिकारी प्रश्न विचारतो आणि तुमच्या उत्तरांवरून मागची कथा ठरते. बायोवेअर या स्टुडिओने ‘ड्रॅगन एज: इन्क्विझिशन’साठी २०१४ मध्ये ‘ड्रॅगन एज कीप’ ही साइटच काढली होती, जिथे आधीच्या भागांतले निर्णय बसून ठरवता येत. ‘सायबरपंक २०७७’मध्ये शेवटच्या मोहिमेआधी गेम इशारा देतो आणि शेवट पाहून झाल्यावर त्या जागेच्या आधी परत आणून सोडतो. त्यामुळे वेगळा शेवट पाहायचा असेल तर सुरुवातीपासून खेळावं लागत नाही.

असं काही नसेल तर कॉम्प्युटरवर सेव्ह एडिटर (सेव्हमधल्या नोंदी बदलणारं साधन) हा मार्ग उरतो. मूळ सेव्हची नक्कल ठेवूनच तो वापरा आणि एका वेळी एकच नोंद बदला. एडिटरमध्ये परस्परविरोधी नोंदी झाल्या, म्हणजे एखादं पात्र मेलंही आहे आणि सोबतही आहे असं झालं, तर क्वेस्ट मध्येच अडकतं. ट्रॉफी किंवा अचीव्हमेंटची काळजी असेल तर एडिटर टाळा.

नुसतं ‘मी दुसरं बोललो असतो तर काय झालं असतं’ एवढंच कुतूहल असेल तर यूट्यूबवर तो प्रसंग पाहणं पुरेसं आहे. त्यात कमीपणा काही नाही. पण जिथे पात्रावर खरंच जीव जडला आहे, तिथे दुसऱ्याच्या खेळातलं दृश्य पाहून मन भरत नाही, हेही तितकंच खरं. तेव्हा आहे तो खेळ आहे त्या निर्णयांसकट शेवटापर्यंत न्या, थोडे महिने जाऊ द्या, आणि मग नव्याने सुरू करा. दुसऱ्या खेळात संवाद झटपट पुढे ढकलता येतात का, ते आधी तपासा. ‘डेट्रॉइट’मध्ये तशी सोय नाही, त्यामुळे तिथे वेळ मोजूनच बसा.

दोन्ही वाटा खेळून झाल्यावर एक सेव्ह निवडायची वेळ येते. पुढच्या भागात सेव्ह आयात होणार असेल तर ती निवड करून टाका, नाहीतर दोन्ही ठेवल्या तरी चालतं. जागा कमी पडत असेल तर मधल्या प्रयोगांच्या सेव्ह पुसा. ज्या पहिल्या सेव्हमध्ये तुम्ही न ठरवता, न वाचता, तेव्हा जे सुचलं ते बोलला होतात, ती मात्र सगळ्यात शेवटी पुसा.